स्लीप अ‍ॅप्निया आणि रक्ताचे रिपोर्ट: बाबांचं हिमोग्लोबिन १८.४ कसं झालं

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज बाबांचा ताजा रिपोर्ट हातात आला, म्हणून बसलेच.

बाबा ६१ वर्षांचे. तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं, त्यातली निम्मी रातराणी. वजन १०४ किलो, उंची पाच फूट सहा. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १८.४, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) ५६. मामी म्हणाली, "रक्त भरपूर आहे, चांगलंच की!" पण सर्जननी ऑपरेशन थांबवलं आणि रक्ताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

तिथे पुढचे पाच महिने गेले. पॉलिसायथेमिया व्हेरा असेल, म्हणजे अस्थिमज्जाच जास्त पेशी बनवत असेल, या शंकेनं जॅक-टू जनुकाची तपासणी झाली. ती निगेटिव्ह. मूत्रपिंडात किंवा यकृतात गाठ नाही ना, म्हणून सोनोग्राफी. तीही स्वच्छ. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे मज्जेला पेशी बनवायला लावणारं हॉर्मोन, थोडं वाढलेलं. मधल्या काळात रक्त दाट आहे म्हणून दोनदा पिशवी भरून रक्त काढलं. बाबांना दोन दिवस बरं वाटायचं, मग परत तेच: पेपर वाचता वाचता मान खाली.

शेवटी उलगडा केला तो भुलेच्या डॉक्टरांनी. गुडघ्यासाठी दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं होतं. त्यांनी फाइल चाळली, टेबलाच्या खणातून शिंप्याकडे असते तशी टेप काढली आणि बाबांचा गळा मोजला. ४४ सेंटीमीटर. मग बाबांना काही न विचारता आईकडे वळल्या, "रात्री घोरणं मधेच थांबतं का हो?" आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "थांबतं. पोट हलत असतं, छाती हलत असते, पण आवाज नाही. मी मोजते मनात. वीस, पंचवीस. मग एकदम घुसमटल्यासारखा श्वास घेतात. मी त्याशिवाय डोळा मिटत नाही."

किती वर्षं? आई म्हणाली, "धाकटीच्या लग्नाआधीपासून." म्हणजे बारा वर्षं झाली. आई रोज रात्री मोजत होती आणि आम्ही कुणी तिला विचारलं नव्हतं.

पुढे स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी झाली. निघाला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडणं. तासाला ६४ वेळा श्वास अडतो. ऑक्सिजन ५८ टक्क्यांपर्यंत खाली. सीरम बायकार्बोनेट ३१. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी केलं तर दिवसा, जागेपणी कार्बन डायऑक्साइड ५२. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लावून आता आठ महिने झाले. हिमोग्लोबिन चार महिन्यांनी १६.९ आणि कालच्या रिपोर्टमध्ये १६.१. एकदाही रक्त न काढता.

मला विचारायचंय ते हे. तुमच्या किंवा घरच्यांच्या रिपोर्टमध्ये काय काय दिसलं होतं? कुठल्या आकड्यावरून शंका यायला हवी होती? हा धागा कुणाच्या तरी घरचे पाच महिने वाचवील, अशी आशा आहे.

----

स्लाइडवाला

ताई, फार महत्त्वाचा धागा काढलात. मी एकोणीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्या बाजूचं थोडं सांगतो.

हिमोग्लोबिन १७-१८ आलं की आमच्याकडे आधी शंका नमुन्यावर घेतात. दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवला, पेशंट उपाशी आणि पाणी न प्यायलेला, जुलाब झालेला, तर रक्त आटून आकडा चढतो. म्हणून एकदा पाणी पिऊन परत द्यायला सांगतो. दुसऱ्यांदाही तेच आलं की मग ते खरं. यानंतर मी एक प्रश्न स्वतःहून विचारतो, बिडी-सिगरेट ओढता का. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, शरीर जास्त पेशी बनवून ती तूट भरून काढतं. तुमचा धागा वाचल्यावर दुसरा प्रश्नही विचारणार आहे, घोरता का.

दुसरं, बायकार्बोनेट. आपल्याकडे 'सीरम इलेक्ट्रोलाइट्स' लिहून दिलं की बऱ्याच लॅब फक्त सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड देतात. बायकार्बोनेट त्यात नसतं. डॉक्टरांनी ते वेगळं लिहिलं पाहिजे किंवा तुम्ही विचारलं पाहिजे. नळीचं बूच उघडं राहिलं, नमुना तासन् तास पडून राहिला तर त्यातला वायू उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. त्यामुळे गावातल्या कलेक्शन सेंटरवर देण्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन दिलेलं बरं.

----

जर्सीकर

कृष्णाकाठ, आईंचं वाचून गलबलून आलं.

माझं सांगतो. वय ४४, न्यू जर्सीत राहतो. इकडे घरीच बोटाला आणि मनगटाला लावायचं यंत्र पोस्टानं येतं, एक रात्र लावून झोपायचं. तासाला २२ निघाले. हिमोग्लोबिन १५, अगदी नॉर्मल. पण त्याआधी तीन वर्षं वार्षिक तपासणीत हेच येत होतं: ट्रायग्लिसराइड्स २६०, यकृताचं एएलटी ७१, युरिक अ‍ॅसिड ८.२, साखर सीमेवर. दरवर्षी सल्ला एकच, वजन कमी करा. मी दुपारी गाडीत पार्किंगमध्ये झोपतो हे मी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

प्रश्न: सीपॅप लावल्यावर हे सगळे आकडे खाली येतात का? चार महिने झाले, माझं युरिक अ‍ॅसिड जिथल्या तिथे आहे.

----

छातीवैद्य

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. धागा चांगला चाललाय, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

पहिली गोष्ट ठळकपणे: रक्ताच्या कुठल्याही तपासणीवरून स्लीप अ‍ॅप्नियाचं निदान होत नाही. निदान झोपेच्या तपासणीवरच. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडणं सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. एक 'अडणं' म्हणजे किमान दहा सेकंद. बहुतेक रुग्णांचं हिमोग्लोबिन जर्सीकरांसारखं नॉर्मलच असतं. त्यामुळे 'माझं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चांगलं आहे, म्हणजे मला हा त्रास नाही' असं कुणी समजू नये.

मग कृष्णाकाठ यांच्या वडिलांचं एवढं का चढलं? कारण त्यांचा ऑक्सिजन फक्त रात्री सेकंदभर खाली जाऊन परत येत नव्हता. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडतं आणि मज्जेला पेशी बनवायला लावतं. नुसत्या रात्रीच्या चढउतारानं हिमोग्लोबिन थोडंच सरकतं. १८ पार गेलं की मी समजतो, दिवसाही श्वास उथळ आहे. याला स्थूलतेमुळे होणारं हायपोव्हेंटिलेशन म्हणतात: बीएमआय ३० किंवा जास्त, जागेपणी धमनीतला कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, आणि दुसरं कारण सापडत नाही. यातल्या बहुसंख्य रुग्णांना स्लीप अ‍ॅप्नियाही असतो.

इथे बायकार्बोनेटचं महत्त्व. रात्री श्वास अडला की कार्बन डायऑक्साइड साठतो, रक्त आम्लाकडे झुकतं. ते सावरायला मूत्रपिंड बायकार्बोनेट धरून ठेवतं. दिवसा श्वास मोकळा असेल तर हा साठा निघून जातो. पण रात्र इतकी वाईट की दिवस पुरत नाही, असं झालं की तो रोज थोडा थोडा शिल्लक राहतो. म्हणून जाड माणूस, घोरणं आणि बायकार्बोनेट २७ किंवा जास्त, हे एकत्र दिसलं की मी एबीजी करतोच. ते २७ च्या खूप खाली असेल तर हायपोव्हेंटिलेशनची शक्यता बरीच कमी होते. एक सावधगिरी: लघवीच्या, म्हणजे पाणी काढणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनीही बायकार्बोनेट वाढतं. गोळ्यांची यादी पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावू नये.

अवांतर: १९५६ मध्ये बॉस्टनच्या बर्वेल आणि सहकाऱ्यांनी असाच एक रुग्ण नोंदवला होता. ५१ वर्षांचा व्यावसायिक, खूप लठ्ठ. पत्त्यांच्या डावात हातात उत्तम पानं असताना तो बसल्या जागी झोपला, म्हणून दवाखान्यात आला. त्याच्याही रक्तात तांबड्या पेशी वाढलेल्या आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला. झोपेत घसा मिटतो हे तेव्हा कळलेलं नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वी रक्तात दिसलेली ही जोडी आजही आपल्या नजरेतून सुटते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जर्सीकर, तुमच्या प्रश्नाला उद्या उत्तर देतो. ओपीडी सुरू झाली.

----

मोगरा७८

माझं चित्र अगदी उलटं आहे म्हणून लिहितेय. मी ४७, वजन ५८ किलो. घोरणं म्हणाल तर हलकंच. तक्रार एकच, सकाळी उठल्यावर डोकं जड आणि दिवसभर अंगात त्राण नाही. हिमोग्लोबिन १०.२, फेरिटिन (लोहाचा साठा) ८, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ३८. एवढी कारणं हातात असल्यावर पुढे कोण बघतंय? लोह घेतलं, थायरॉइडची गोळी सुरू झाली. वर्षभरात हिमोग्लोबिन १२.८, टीएसएच ३. सगळे खूश. मी मात्र होते तिथेच. "आता रिपोर्ट छान आहेत, टेन्शन घेऊ नका" असं ऐकलं की रडू यायचं.

शेवटी बहिणीनं हट्टानं स्लीप स्टडी करवली. तासाला १९, त्यातले बहुतेक स्वप्नांच्या झोपेत. माझी हनुवटी लहान आणि मागे आहे, त्यानं घसा अरुंद आहे, असं कळलं. तेव्हा बायांनो, बारीक आहे म्हणून नाही, हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून नाही, असं धरून बसू नका.

----

स्लाइडवाला

मोगराताई, तुमच्या बाबतीत लोहाची कमतरता होती म्हणून हिमोग्लोबिन वाढणं शक्यच नव्हतं. मज्जेला हुकूम मिळाला तरी माल नाही. अ‍ॅनिमिया आणि स्लीप अ‍ॅप्निया एकत्र असले तर सीबीसी दोन्हीकडून ओढलं जाऊन मधेच कुठेतरी थांबू शकतं आणि नॉर्मल दिसू शकतं.

----

घाटमाथा

बायको म्हणते मी घोरतो. आमच्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप असंच समजतात. मला रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं. साखर बघितली, नॉर्मल. पीएसए नॉर्मल, प्रोस्टेट किंचित मोठं. सहा महिने गोळी घेतोय, फरक नाही. वय ५५. याचा या धाग्याशी संबंध आहे का, कुणी सांगेल?

----

छातीवैद्य

घाटमाथा, आहे, आणि चांगलाच आहे. घसा मिटलेला असताना माणूस छाती ताणून श्वास ओढायचा प्रयत्न करतो, त्यानं छातीच्या पोकळीतला दाब खूप खाली जातो आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त जास्त ओढलं जातं. कप्पा ताणला की हृदयाला वाटतं, अंगात पाणी जास्त झालंय. ते एक हॉर्मोन सोडतं आणि मूत्रपिंड लघवी बनवत सुटतं. म्हणून एक करा. दोन रात्री भांड्यात मोजा. प्रत्येक वेळी भरपूर होत असेल तर प्रोस्टेटपेक्षा झोपेकडे बोट जातं. थोडी थोडी होत असेल तर मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडेच परत जा. सीपॅपनं सगळ्यात लवकर सुधारणाऱ्या गोष्टींत ही एक आहे. बीपी किती असतं? तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात नसेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन ही बीपीशी संबंधित तपासणी करून घ्या. अल्डोस्टेरॉन वाढणं आणि स्लीप अ‍ॅप्निया, या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र सापडतात.

जर्सीकर, आता तुमचं. ऑक्सिजन कमी पडला की पेशीतलं इंधन मोडतं, त्याचा शेवटचा कचरा युरिक अ‍ॅसिड. यकृतात चरबी असेल तर रात्रीचा ऑक्सिजनचा चढउतार तिला आणखी त्रास देतो. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं. इथवर संबंध खरा आहे. पण यातला मोठा वाटा पोटाच्या चरबीचा असतो आणि तोंडावर मास्क लावून चरबी जात नाही. म्हणून एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), ट्रायग्लिसराइड्स, एएलटी हे नुसत्या सीपॅपनं फारसे हलत नाहीत. सीआरपीचं, म्हणजे अंगातला दाह दाखवणाऱ्या तपासणीचंही तसंच, म्हणून मी ते या आजारासाठी करायला सांगत नाही. रक्तदाब सरासरी दोन-तीन अंकांनी उतरतो. २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असलेल्या रुग्णांत सीपॅपनं पुढचे झटके टळले नाहीत. पण त्यात मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. दिवसाची पेंग मात्र कमी झाली आणि मूड सुधारला. तुम्ही किती तास लावता?

----

जर्सीकर

साडेतीन ते चार. दोन वाजता काढून टाकतो. आता उत्तर माझं मलाच मिळालं. मास्क बदलून बघतो, नाकातून गळती होतेय. इथे २०२४ च्या डिसेंबरमध्ये टिर्झेपेटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाला लठ्ठपणासह मध्यम-तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली, त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलणार आहे.

----

सह्याद्रीचा_वारा

धागा वाचून घाबरलो आहे, म्हणून विचारतो. आमच्याकडे कोविडच्या दुसऱ्या लाटेत घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे. वडिलांचा रात्रीचा ऑक्सिजन घड्याळात ८० च्या खाली दिसतो, घोरतातही. नळी लावून झोपवलं तर चालेल का? नाहीतर झोपेची गोळी तरी? नीट झोप लागत नाही त्यांना.

----

छातीवैद्य

दोन्ही नको. मनापासून सांगतो, नको.

घसा मिटला असताना नाकात ऑक्सिजन सोडून आत जात नाही. वर ज्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांचा श्वास ऑक्सिजनमुळे आणखी मंदावू शकतो. घड्याळात ९५ दिसेल, तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि सकाळी वडील गुंगीत सापडतील. झोपेची गोळी आणि दारू घशाचे स्नायू सैल करतात, अडणं वाढतं. मनगटावरच्या घड्याळाचा एकेक आकडा खोटा असू शकतो, पण रात्रभराचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत असेल तर तो गंभीरपणे घ्या. याच आठवड्यात दाखवा. जाताना सीबीसी, बायकार्बोनेट, टीएसएच आणि साखर करून न्या. सकाळी डोकं दुखतं का, पायावर सूज आहे का, तेही सांगा. सूज आणि सकाळची डोकेदुखी असेल तर आठवडाही थांबू नका.

----

पंचगंगा_९

२०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातम्यांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता. तेव्हा वाटलं, मोठ्या लोकांचा आजार असेल. माझा भाऊ, ३४, जिमला जातो. हिमोग्लोबिन १८. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो हे आम्हाला या धाग्यामुळे विचारल्यावर कळलं. त्यानंही वाढतं का?

----

छातीवैद्य

वाढतं. शिवाय काहींचा स्लीप अ‍ॅप्नियाही त्यानं वाढतो. भावाला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही. इंजेक्शनं एकदम बंद करण्याआधी हॉर्मोनच्या डॉक्टरांना दाखवा.

----

स्लाइडवाला

कृष्णाकाठ ताई, एक विचारू का? बाबांना साखरेचा त्रास आहे का? रक्त काढल्यानंतर एचबीएवनसी केली होती का?

----

कृष्णाकाठ

हो दादा. दुसरी पिशवी काढल्यावर महिन्यानं. ५.९ आली. उपाशीपोटीची साखर १४८ होती, पण तीन महिन्यांची सरासरी चांगली आहे म्हणून सोडून दिलं. का?

----

स्लाइडवाला

मला तीच भीती होती. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशीवर तिच्या आयुष्यभरात, साधारण १२० दिवसांत, चढलेली साखर. पिशवी काढली की जुन्या, साखर चढलेल्या पेशी निघून जातात आणि मज्जा भराभर नव्या कोऱ्या पेशी पाठवते. त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून आकडा खोटा कमी येतो. मोगराताईंसारख्या लोहाच्या कमतरतेत याच्या उलट, नव्या पेशी कमी बनतात, जुन्यांचं प्रमाण जास्त राहतं आणि आकडा खोटा चढू शकतो. उपाशीपोटी १४८ ही साखर सोडून देण्यासारखी नाही. आता आठ महिने रक्त काढलेलं नाही, तर परत करा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची बरोबरच करा.

----

छातीवैद्य

स्लाइडवाला, उत्तम. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

----

घाटमाथा

भांड्यात मोजली. चार वेळा मिळून रात्रीत सव्वा लिटर. गळा ४२. सोमवारी स्लीप स्टडी आहे. बायको सोबत येतेय, डॉक्टरांनी तिलाच आणायला सांगितलंय.

----

सह्याद्रीचा_वारा

वडिलांना नेलं. बायकार्बोनेट ३३, कार्बन डायऑक्साइड ६१, पायावर सूज होतीच. दाखल करून घेतलंय, बायपॅपवर (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मास्कचं मशीन) आहेत. आज सकाळी दोन वर्षांत पहिल्यांदा डोकं दुखलं नाही म्हणाले. कॉन्सन्ट्रेटर मी लावणारच होतो त्या रात्री. डॉक्टर, तुमचे उपकार विसरणार नाही.

----

कृष्णाकाठ

सह्याद्रीचा_वारा, काळजी घ्या, कळवत राहा.

बाबांची एचबीएवनसी परत केली. ७.६. उपाशीपोटी १५२. गोळी सुरू झाली आहे. स्लाइडवाला दादा, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही त्या ५.९ वरच बसलो असतो.

एबीजी पण परत झालं: कार्बन डायऑक्साइड ४४, बायकार्बोनेट २६. भुलेच्या डॉक्टरांनी फाइलवर सही केली. साखर थोडी खाली आली की गुडघ्याचं ऑपरेशन. मशीन मास्कसकट घेऊन या, ऑपरेशननंतर पहिल्या रात्रीपासून लावायचं आहे, असं त्यांनी बजावलंय. आईनं बॅग आत्ताच भरून दाराशी ठेवलीय. ती हल्ली दहा वाजता झोपते आणि सकाळी सहापर्यंत उठत नाही.